कोवळ्या उन्हाचा भरवसा

"आईच्या दुधात सारंच असते म्हणता ना जी, मंग हे थेंब कायले?"

बाळंतिणीच्या सासूने हा प्रश्न विचारला तर त्यात अडाणीपणा शोधू नये. प्रश्न चोख आहे. चीक टाकू नका, सहा महिने नुसते आईचे दूध द्या, मध नको, घुटी नको, उन्हाळ्यातसुद्धा पाण्याचा थेंब नको, असे आपणच तिला वर्षानुवर्षे सांगितले. तिने ते ऐकले. सासूकडून आलेली घुटीची सहाण तिने उचलून फळीवर ठेवली. आता त्याच तोंडाने आपण म्हणतो, बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब पाजा. तिला हे बोलणे दुटप्पी वाटले तर दोष तिचा नाही.

माझे मत मी आधीच सांगून टाकते. थेंब द्यावेत. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाला, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून वर्षाचे होईपर्यंत, रोज ४०० युनिट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली हेच सांगितले. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१७ साली जी मार्गदर्शक सूत्रे काढली, पुण्याच्या डॉ. अनुराधा खाडिलकर ज्यांच्या पहिल्या लेखिका आहेत, त्यांतही तान्ह्या बाळासाठी हाच आकडा आहे. पण सूत्रात लिहिले आहे एवढ्याने त्या सासूचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. तिला तिच्या ओसरीवर बसून उत्तर द्यायला हवे.

म्हणून मी विदर्भातले नवेगाव बांध निवडते. या गावाचे नाव घेतले की तळे आठवते, भोवतालचे जंगल, हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे पक्षी, मारुती चितमपल्लींनी इथे काढलेले दिवस. बाळाच्या हाडांचा विचार करताना हे गाव निवडण्याचे कारण वेगळे आहे. उन्हाची वाण असेल असा संशय घ्यायला इथे जागाच नाही. गाव कर्कवृत्ताच्या खाली, साधारण २१ अंशांवर. मुंबईसारख्या ऊन अडवणाऱ्या इमारती नाहीत, दिल्लीसारखे धुरकट आकाश नाही. घराला अंगण आहे, अंगणात ऊन आहे. इथल्या बाळालाही जर ड जीवनसत्त्व कमी पडण्याची भीती असेल, तर ती महाराष्ट्रात सगळीकडेच आहे.

आता दुधाकडे येऊ. आईच्या एक लिटर दुधात साधारण २० ते ७० युनिट ड जीवनसत्त्व असते. तान्हे बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पिते. म्हणजे पदरात पडतात फार तर ५० युनिट, आणि गरज ४००ची. ४०० युनिट म्हणजे १० मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाहूनही कमी. एवढेसे ते, पण दूध ते देत नाही.

यावरून कोणी "आईचे दूध अपुरे" असा निष्कर्ष काढला तर मी त्याच्याशी भांडेन. माणसाच्या शरीराने हे द्रव्य अन्नातून घ्यायचे कधी ठरवलेच नव्हते. ते कातडीत तयार होते. उन्हातले एक विशिष्ट किरण कातडीवर पडले की तिथल्या स्निग्ध द्रव्याचे रूप बदलते, मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापले काम करतात, आणि मग कुठे ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायच्या कामाला लागते. जीवनसत्त्व हे नाव त्याला इतिहासाने चिकटले, वागणे संप्रेरकासारखे आहे. दुधाकडून ते मागणे म्हणजे विहिरीने धान्यही द्यावे अशी अपेक्षा करणे. जन्मताना बाळ आईच्या रक्तातून थोडी शिदोरी घेऊन येते. ती काही आठवडे पुरते. आईचीच शिदोरी रिकामी असेल तर तीही नाही.

मग आईलाच औषध द्यावे, असे सहज सुचते. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, चौथ्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतर सहा महिने, दिवसाला दोन. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. म्हणजे दिवसाला ५०० युनिट. आईच्या हाडांसाठी त्या घ्यायलाच हव्यात. पण दुधातून बाळाची गरज भागवायची तर आईला किती द्यावे लागते, याचा शोध अमेरिकेत हॉलिस आणि वॅगनर यांनी घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आयांना रोज ६४०० युनिट दिले, तेव्हा बाळांच्या रक्तातली पातळी थेंब घेणाऱ्या बाळांइतकी झाली. कुठे ५०० आणि कुठे ६४००. तळ्यातली मासळी खाल्ली तर फरक पडेल का, असेही विचारतात. आईने ती जरूर खावी, पण आठवड्यातून दोनदा खाल्लेल्या मासळीने हे अंतर कापले जात नाही.

सासूचा खरा भरवसा मात्र गोळ्यांवर नसतो, उन्हावर असतो. सकाळी तेल लावून, हातपाय चोळून बाळाला अंगणात कोवळ्या उन्हात घटकाभर निजवायचे, मग अंघोळ, धुरी, दुपट्यात गुंडाळून झोप. या रीतीबद्दल मला मनापासून प्रेम आहे. त्या अर्ध्या तासात आजी आणि नातू एकमेकांना ओळखू लागतात. थंडीत त्या उबेने बाळ सैलावते. पण ज्या कामासाठी आपण तिचा दाखला देतो, ते काम ती जवळजवळ करत नाही.

कातडीत ड जीवनसत्त्व घडवणारे किरण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे असतात. सूर्य खाली असला की त्याचे किरण तिरपे येतात, हवेचा जाड थर कापून येतात, आणि नेमके हेच किरण वाटेतल्या ओझोनमध्ये गळून पडतात. सकाळी सातचे ऊन अंग तापवते, डोळ्यांना सुख देते, पण त्यात हे किरण फारसे उरलेले नसतात. ओळखायची ढोबळ खूण सोपी आहे. उन्हात उभे राहा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून फारसे मिळणार नाही. आखूड असेल तर मिळेल. कोवळे ऊन म्हणजेच लांब सावलीचे ऊन. आपण ज्याला बाळासाठी चांगले म्हणतो ते कोवळेपणामुळेच, आणि त्या कोवळेपणामुळेच ते या कामी कमी पडते.

ही सावलीची खूण घेऊन नवेगाव बांधच्या वर्षातून एक फेरी मारू. डिसेंबरच्या शेवटी, दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा, २१ अंशांवरच्या या गावात भर दुपारी बारालासुद्धा माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. म्हणजे ज्या ऋतूत बाळाला उन्हात निजवणे सगळ्यात सोसवते, त्या ऋतूत ऊन सगळ्यात दुबळे. नंतर सूर्य वर सरकतो. मेच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुले तो पाहतात. किरणांच्या हिशेबाने हे सगळ्यात श्रीमंत ऊन. पण तेच दिवस नवतपाचे. विदर्भात त्या नऊ दिवसांत कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही. दुपारी तान्हे मूल उंबऱ्याबाहेर काढायला कोणती आजी धजेल? आणि तिचे बरोबरच आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कडक उन्हापासून जपा, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. पुढे मृग लागतो, आभाळ भरते. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा तो ढगांच्या पलीकडे असतो आणि घरातली माणसे रोवणीला गेलेली असतात. आई कामाला लागली असेल तर बाळ धुऱ्यावरच्या झाडाखाली झोळीत, नाही तर घरात आजीपाशी. दोन्हीकडे सावली.

त्यात अंगडे, टोपडे, दुपटे. त्यात आपला सावळा वर्ण, ज्याला तेवढेच ड जीवनसत्त्व करायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. त्यात सव्वा महिना खोलीबाहेर न पडण्याची चाल.

ऊन असून बाळापर्यंत न पोचण्याची ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या नाशिकनेच ती जगाला दाखवली होती. मुडदूस कशाने होतो यावर तेव्हा युरोपात मोठा वाद चालू होता. कोणी म्हणे आहाराने, कोणी म्हणे घाणीने, कोणी म्हणे कोंदट घराने. हचिसन नावाच्या डॉक्टरने भारतीय सहकाऱ्यांबरोबर नाशिकमधली घरे पाहिली आणि १९२१-२२ च्या सुमारास आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्या सुखवस्तू घरांत बायका पडद्यात राहत, तिथे खायला-प्यायला कमी नसताना बाळांना मुडदूस आणि बायकांना हाडे मऊ होण्याचा विकार आढळत होता. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत, ज्यांचे खाणे कितीतरी निकृष्ट होते, तो क्वचित दिसे. दूध-तूप असलेल्या घरात वाकडे पाय आणि अर्धपोटी घरात सरळ, हे त्या काळी चक्रावणारे होते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखवलाच होता. नाशिकने तेच गल्लीबोळात दाखवले.

त्या अभ्यासातून आज कोणी असे म्हणेल की पाहा, गरिबांच्या उघड्या-नागड्या पोरांना काही झाले नाही, मग थेंब कशाला? मला त्यातून उलट दिसते. नाशिकच्या एकाच आभाळाखाली दोन घरांत दोन निकाल लागले. म्हणजे गावात ऊन किती यावर काही ठरत नाही, बाळाच्या अंगावर किती पडते यावर ठरते. शंभर वर्षांपूर्वी मजूर बाई पोर घेऊन दिवसभर उघड्यावर असे. तिची पणती आज दवाखान्यात बाळंत होते, पक्क्या घरात राहते, बाळाला नीट कपडे घालते. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. यांतली एकही मागे घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण या चांगल्या गोष्टींनीच बाळाला पूर्वीच्या श्रीमंतांच्या माडीत नेऊन बसवले आहे.

उन्हाने हे काम होतच नाही असे मात्र नाही. दिल्लीत तान्ह्या बाळांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की सहाव्या आठवड्यापासून पुढे निदान सोळा आठवडे, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, आठवड्याला अर्धा तास, शरीराचा ४० टक्के भाग उघडा ठेवून ऊन दिले तर सहाव्या महिन्यापर्यंत पातळी पुरेशी होऊ शकते. आठवड्याला अर्धा तास म्हणजे काहीच नाही असे वाटते. आता हे घड्याळ, हे उघडे अंग आणि ही सातत्याची अट घेऊन पुन्हा नवतपात आणि रोवणीत जाऊन पाहा.

नवेगावच्या भागातल्या माणसांना खरे तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. पाऊस भरपूर पडणाऱ्या मुलखात इथल्या कोहळी समाजाने एवढी तळी कशाला बांधली? नवेगावचा हा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. त्यांना का कळत नव्हते की आभाळातून पाणी फुकट पडते? त्यांना हेही कळत होते की धान निसवायच्या वेळी पाऊस दगा देतो, आणि वर्षभरात एकूण किती पडला याला त्या दिवशी अर्थ नसतो. त्यांनी पाणी अडवले, पाट काढले, बांधीपर्यंत नेले. पावसावरचा अविश्वास म्हणून तळ्याकडे कोणी पाहत नाही.

आक्षेप आणखीही आहेत, आणि ते हलके नाहीत.

पहिला दुधावर प्रेम करणाऱ्यांचा. आईच्या दुधात काहीतरी नाही, एवढे वाक्य बाजारात सोडले की डब्यांच्या दुधाचे विक्रेते ते उचलतील. ही भीती खरी आहे. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालायला आपल्याला १९९२ साली कायदा करावा लागला तो उगाच नाही. पण डब्यातल्या दुधातले ड जीवनसत्त्वही कुठल्या गाईने दिलेले नसते, कारखान्यात वरून घातलेले असते. जे ते लोक डब्यात घालतात ते आपण थेट बाळाच्या जिभेवर घालतो, आणि आईच्या दुधाचे बाकी सगळे, जे कुठल्याही कारखान्याला जमलेले नाही, ते बाळाला जसेच्या तसे मिळते. हे न सांगता लपवले, आणि उद्या अंगावर पिणाऱ्या बाळाचे पाय वाकले, तर दुधावरचा विश्वास अधिक तुटेल.

दुसरा आक्षेप पुराव्याचा, आणि इथे थेंबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही जपून बोलावे. दिल्लीत कमी वजनाच्या, पण पूर्ण दिवसांच्या २०७९ बाळांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना सहा महिने दर आठवड्याला १४०० युनिट दिले. निष्कर्ष २०११ साली आले. मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होणे यांत फरक पडला नाही. वाढ थोडी सुधारली. काबूलमध्ये तीन हजारांवर बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट किंवा नुसते तेल देऊन पाहिले, न्यूमोनिया कमी झाला नाही. तेव्हा ड जीवनसत्त्वाने प्रतिकारशक्ती वाढते, सर्दी-खोकला होत नाही, असे सांगून ते कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नये. त्याचे काम हाडांचे आणि कॅल्शियमचे. ते मात्र ते चोख करते. तुर्कस्तानने २००५ मध्ये सगळ्या तान्ह्या बाळांना ४०० युनिटचे थेंब फुकट द्यायला सुरुवात केली. देशाच्या पूर्वेकडच्या एर्झुरूम भागात १९९८ साली तीन वर्षांखालच्या मुलांत सुमारे ६ टक्क्यांना मुडदूस होता. २००८ मध्ये तो हजारात एकावर आला. सार्वजनिक आरोग्यात इतका स्वच्छ निकाल रोज मिळत नाही.

मुडदूस म्हटले की फेंगडे पाय डोळ्यांपुढे येतात. तो रोगाचा शेवटचा अंक आहे. त्याआधी मनगटे जाड होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू भरायला उशीर होतो, दात येत नाहीत, बसायला-चालायला बाळ मागे राहते. आणि काही बाळांत याच्याही आधी, दोन-चार महिन्यांच्या वयात, रक्तातले कॅल्शियम एकदम घसरून आकडी येते. ताप नाही, काही नाही, आणि बाळ झटके देऊ लागते. अशा वेळी घरात काय काय उपाय केले जातात आणि त्यात किती वेळ जातो, हे या भागात काम केलेल्या कोणालाही विचारावे. हे रोज घडत नाही. पण जे १० मायक्रोग्रॅमने टळते ते वर्षातून एकदाही का घडावे? देशभर २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांत सुमारे १४ टक्क्यांना ड जीवनसत्त्वाची उणीव आढळली. रक्त तपासले ते वर्षाच्या पुढच्या मुलांचे. ज्या वयाबद्दल आपण बोलतो आहोत, नुसत्या दुधावरचे वय, ते त्या मोजणीत नव्हतेच.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त सतावतो, तो जास्त मात्रेचा. औषधाच्या दुकानात हेच जीवनसत्त्व ६०,००० युनिटच्या पुडीत आणि छोट्या बाटलीतही मिळते. ते मोठ्यांसाठी, आठवड्यातून एकदा घेण्याचे. ती एक बाटली म्हणजे बाळाचा १५० दिवसांचा हिशेब. "रोज द्या" हा सल्ला कानावर पडला आणि हातात ती बाटली पडली, तर काही दिवसांत बाळाच्या रक्तात कॅल्शियम साचते, उलट्या होतात, शी बंद होते, वजन उतरते, मूत्रपिंडाला इजा होते. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला १००० युनिट ही वरची सीमा धरतात. थेंबांतही कुठे एका मिलीत ४०० तर कुठे ८००, म्हणजे एकाला पूर्ण मिली आणि दुसऱ्याला अर्धी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बाळांच्या दुधात आणि खाद्यांत हे जीवनसत्त्व सढळ हाताने घातले गेले आणि रक्तात कॅल्शियम वाढलेली बाळे दवाखान्यांत येऊ लागली. मात्रा कमी करावी लागली. तेव्हा चिठ्ठी लिहून देऊन मोकळे होणे हा सल्ला नव्हे. कोणती बाटली, किती, ड्रॉपरची कोणती रेघ, हे हातात धरून दाखवायला हवे.

आणि म्हणूनच हे काम दुकानावर सोडू नये असे मी म्हणते. पुण्या-मुंबईच्या बाळाला थेंब मिळतात. बालरोगतज्ज्ञ पहिल्या भेटीत लिहून देतात, बाप येताना घेऊन येतो. नवेगाव बांधच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या बाळाला जन्मल्या जन्मल्या के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळते, सहाव्या महिन्यापासून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा मिळते, नवव्या महिन्यात अ जीवनसत्त्व मिळते. ड जीवनसत्त्व फक्त कमी वजनाच्या बाळांच्या उपचारांत आहे. पूर्ण वजनाच्या बाळासाठी सरकारी यादीत ते नाही. वाट मात्र तयार आहे. तान्ह्या बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची पद्धत शेजारच्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून उभी राहिली. १९९९ साली तिचे निष्कर्ष जगापुढे आले आणि पुढे देशाने ती स्वीकारली. आज आशाताई बाळ तीन दिवसांचे असताना जाते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा फेऱ्या. तिच्या पिशवीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे. एकाच ताकदीची, एका मिलीत ४०० युनिटची, एकाच रेघेच्या ड्रॉपरची बाटली त्या पिशवीत गेली तर निम्मा धोका तिथेच संपतो. ३० मिलीची बाटली महिनाभर पुरते. कोणाचे रक्त तपासायला नको, कोणती मशीन नको. तिच्या कामाचा बोजा वाढेल, तर मोबदलाही वाढवावा. पिशवीत वस्तू भरत जायची आणि मानधनाचे नाव काढायचे नाही, हे मला मान्य नाही.

तेल लावायची रीत तशीच राहू द्यावी. चोळणे झाले, अंघोळ झाली, बाळ दुधाला लागण्याआधी गालाच्या आतल्या बाजूला एक मिली. रोजच्या कामाला जोडलेली गोष्ट विसरली जात नाही, हे आजीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तिला मी सांगेन ते एवढेच, की बाई, दुधात दुधाचे सारे आहे. हे ऊन आहे, ते दुधात नसतेच, आणि आपण बाळाला सावलीत ठेवतो म्हणून बाटलीतून द्यावे लागते. तिला पटले नाही तर तिच्याच घरात नवतपात जन्मलेल्या नातवाचा हिशेब तिच्यापुढे मांडेन. सव्वा महिना खोलीत. बाहेर पडायचा तेव्हा मृग सरून आर्द्रा लागलेली, अंगणात चिखल. मग रोवणी, आई बांधीत, बाळ घरात. मग पोळा, मग भादव्यातली झड. आश्विनात आभाळ मोकळे होते, तेव्हा धान कापायची घाई. दिवाळीला सवड मिळून त्याला अंगणात नीट निजवले जाईल, तेव्हा ते पाच महिन्यांचे झालेले असेल, आणि अंगणातली सावली लांब पडू लागलेली असेल.